परभाषेंत पोळा

जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्यांत आष्टी हें गांव आहे. तेथील एखादा तरुण पुण्यास जाऊन स्पॅनिशच्या वर्गांत बसला आणि 'तुमच्या गांवचा मोठा सण कोणता?' या प्रश्नास त्यानें 'फिएस्ता दे तोरोस', म्हणजे बैलांचा सण, असें उत्तर दिलें, अशी कल्पना करावी. व्याकरणांत चूक नाहीं. परंतु स्पेनमधील श्रोत्याच्या डोळ्यांपुढें वर्तुळाकार रिंगण, लाल कापड आणि शेवटीं तलवारीनें मारला जाणारा वळू उभा राहील! ज्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवावयाचें नाहीं, त्याला पुरणपोळीचा घास द्यावयाचा, त्या दिवसाची ही अवस्था. 'तोरो' म्हणजे वळू. औताचा बैल तो 'बुएय'. एका शब्दानें सबंध सण उलटा होतो.

भाषेच्या वर्गांत सणांचा धडा बहुधा करमणुकीसाठीं राखून ठेवतात. रंगीत कागदांच्या माळा लावल्या, एखादें गाणें म्हटलें, कीं तास संपला. वास्तविक शब्दांची खरी पारख येथेंच होते. स्पॅनिश ही सुमारें वीस देशांची राजभाषा आहे आणि त्या सर्वांचा मिळून एक असा सण सांगतां येत नाहीं. डिसेंबरांतील नाताळ स्पेनमध्यें थंडींत येतो, तर अर्जेंटिनांत ऐन उन्हाळ्यांत. नोव्हेंबरच्या १ तारखेस स्पेनमधील कुटुंबें शेवंतीचीं फुलें घेऊन स्मशानभूमींत जातात. मेक्सिकोंत १ व २ नोव्हेंबरला घरांत मृतांच्या तसबिरींपुढें त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात, मेणबत्त्या लावतात आणि झेंडूच्या फुलांची आरास करतात. त्या फुलांच्या रंगानें व वासानें आत्म्यांना घरची वाट सांपडते, अशी तेथील समजूत आहे.

दसऱ्याच्या तोरणांतला हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेस पोहोंचल्यानंतर तो इकडे आला. मेक्सिकोंत त्याला 'सेम्पासुचिल' म्हणतात. हा शब्दही स्पॅनिश नव्हे; तो स्पॅनिश लोक येण्यापूर्वींच्या नाहुआत्ल भाषेंतून उतरला आहे. एवढें कळलें कीं विद्यार्थ्यास सर्वपित्री अमावास्या आठवते, आणि आठवावीच. पण 'हा त्यांचा पितृपक्ष' म्हणून मोकळें होऊं नये. आपल्याकडे त्या पंधरवड्यांत मंगल कार्यें टाळतात. मेक्सिकोंत कबरींपाशीं वाद्यें वाजतात आणि मुलांच्या हातीं साखरेच्या कवट्या असतात. तोच प्रकार पिन्याताचा. नाताळापूर्वीं, १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्रींत, मेक्सिकोंत टांगलेलें मडकें डोळे बांधून काठीनें फोडतात. दहीहंडी नजरेपुढें येते खरी. पण त्यांच्या जुन्या पिन्याताचीं सात टोकें म्हणजे सात पापें.

मराठी विद्यार्थ्याचा एक लाभ मात्र शिक्षकांच्या ध्यानांत क्वचितच येतो. नेहमीं घडणाऱ्या आणि एकदांच घडलेल्या गोष्टीसाठीं स्पॅनिशमध्यें क्रियापदाचीं निरनिराळीं रूपें आहेत. इंग्रजीच्या द्वारें शिकणारा तेथें अडखळतो. मराठींत 'आजोबा बैलांचीं शिंगें रंगवीत' आणि 'आजोबांनीं शिंगें रंगविलीं' हा भेद घरचाच आहे: पहिल्यास 'पिंताबा', दुसऱ्यास 'पिंतो'. जानेवारीच्या ६ तारखेच्या आदल्या रात्रीं स्पेनमधील मुलें तीन राजांच्या भेटींसाठीं जोडे मांडून ठेवतात. ती आठवण सांगणारी आजीही पहिलेंच रूप वापरते. रीतिभूतकाळ सणांच्या आठवणींतून जितका सहज समजतो, तितका कोष्टकांतून समजत नाहीं.

आष्टीच्या त्या तरुणानें मग आपला पोळा कसा सांगावा? 'मराठी लोकांचा सण' अशी सुरुवात करणें बरोबर नाहीं, कारण मराठवाड्यांत तो श्रावण अमावास्येस येतो, तर कोल्हापूर-सांगलीकडे आषाढांत बेंदूर असतो. गांव आणि तिथि आधीं सांगावी. 'खांदेमळण' या शब्दास स्पॅनिश प्रतिशब्द शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. आदल्या सायंकाळीं बैलांच्या खांद्यांस हळद व तूप चोळतात, एवढें साधें वाक्य पुरतें. त्यासाठीं लागणारे खांदा, हळद, चोळणें हे शब्द पुस्तकाच्या एकाच धड्यांत सहसा भेटत नाहींत. ते त्यानें शिक्षकास विचारून घ्यावे.