जिन्यातली लाल पेटी

यवतमाळला आमच्या बहिणीच्या घरी ईदच्या भेटीला गेलो, तेव्हा लिफ्ट बंद होती. पाच मजले जिन्याने चढलो. प्रत्येक मजल्यावर भिंतीला लाल पेटी आणि शेजारी जाड नळ. एका पेटीत झाडू अन् फिनाईलची बाटली, दुसरीला कुलूप. भाचीने विचारले, "मामू, हे नळ कशाचे?" घरात एवढी मोठी माणसे, पण नीट सांगता कुणालाच आले नाही, आम्हालाही नाही. मग माहिती काढली.

तळापासून गच्चीपर्यंत जाणारा तो पाइप फक्त आगीसाठी असतो. मध्यम उंचीच्या निवासी इमारतीत बहुधा गच्चीवरच्या टाकीतले पाणी पंपाने खाली सोडतात. जास्त उंच इमारतीत जमिनीखालच्या टाकीतून पंप पाणी वर चढवतो. प्रत्येक मजल्यावरच्या ६३ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला जवान आपला होज जोडतात. हे व्हॉल्व्ह नसतील, किंवा असून कोरडे असतील, तर गाडीपासून पाचव्या मजल्यापर्यंत होज ओढत न्यावा लागतो आणि हाताशी असलेली मिनिटे त्यातच जातात. व्हॉल्व्ह जिन्यात असतो त्यालाही कारण आहे. जवान धुरापासून आडोशाला उभा राहून होज जोडतो, पुढे जातो, आणि धुरात काही दिसेनासे झाले तर त्याच होजला धरून परत जिन्याकडे येतो.

म्हणूनच जिना मोकळा हवा. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पार्किंगमध्ये आग लागली आणि धूर वर चढला. माणसे गेली. आपल्याकडे मात्र जिन्याखालीच स्कूटर, जुन्या गाद्या, वर विजेचे मीटर!

जाड होज आपल्यासाठी नाही. पाण्याच्या जोराने तो एकट्या माणसाच्या हातात राहत नाही. घरच्यांसाठी असते ती रबरी नळीची गुंडाळी, साधारण ३० मीटरची. आधी मेन स्विच बंद करायचा, मगच पाणी. कढईतल्या पेटलेल्या तेलावर मात्र पाणी कधीच नाही. गॅस बंद करून झाकण ठेवायचे. आणि हे सगळे करताना कुणीतरी १०१ लावलेला असला पाहिजे.

पण नळात पाणी असेल तर ना! यवतमाळकरांना २०१८ सांगायला नको. निळोणा आणि चापडोह आटले, टँकरमागे रांगा लागल्या. अशा उन्हाळ्यात गच्चीवरच्या आगीच्या टाकीवर सगळ्यांची नजर जाते. बहिणीच्या इमारतीतही कुणीतरी तिला घरगुती पाइप जोडला होता. योग्य रचना उलटी असते: आगीची टाकी आधी भरते आणि ओसंडलेले पाणी घरगुती टाकीत जाते. त्यामुळे आगीचे पाणी ताजेही राहते आणि कमीही होत नाही. तहानेला दोष कसा द्यायचा? तरी तो जोड तोडायलाच हवा, असे आम्ही बहिणीला स्पष्ट सांगितले. थोडी नाराजी झाली.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंध व जीवसुरक्षा उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर, म्हणजे सोसायटीवरही, टाकतो. परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे दगावली आणि राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटची धावपळ झाली. घरांचे कुणी विचारले नाही. सभेत तुम्हीच विचारा: शेवटचे प्रमाणपत्र कुठे आहे? एजन्सीवाल्याने नुसती सही केली, की व्हॉल्व्ह उघडून पाणी दाखवले? आमच्या मते पाणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बहिणीकडे पुढच्याच रविवारी चौकशी झाली. कुलपाची किल्ली वॉचमनच्या जुन्या डब्यात सापडली. पेटी उघडली तर होज होता, पितळी नोझल नव्हते. ते कधी गेले, कुणालाच ठाऊक नाही.