कुरव ओळखावा पंखाच्या टोकावरून

जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर होडी निघते, तेव्हा धुक्यात समोरचा काठही दिसत नाही. आधी ऐकू येते ती कलकल. कोणीतरी जाळे उपसू लागलेला असतो. तो चिलापी सोडवून घेतो, बारीकसारीक मासळी पाण्यात टाकतो, आणि बघता बघता त्याच्या डोक्यावर पांढऱ्या पक्ष्यांची झुंबड उडते. रोहित बघायला आलेली मंडळी इकडे वळतात आणि होडीवाल्याला हमखास विचारतात, “दादा, हे समुद्रावरचे पक्षी इथे कसे काय?”

कुरव म्हणजे ‘सी गल’, हे इंग्रजी नाव आपल्या डोक्यात पक्के बसले आहे, त्याचा हा परिणाम. इथे सर्वाधिक दिसणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या पठारावर वाढतो. लडाखमधले त्सो मोरिरी हे सरोवर साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. तिथे त्याची घरटी असतात. पाणी गोठू लागले की तो हिमालय ओलांडून खाली येतो. त्यातले पुष्कळ किनाऱ्यावर जातात, काही उजनीसारख्या जलाशयावर थांबतात. म्हणजे तळे हे त्याचे माहेरच. समुद्रावर गेलाच, तर खारे पाणी पिण्याचीही सोय आहे: डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातले जादा मीठ वेगळे काढतात आणि ते नाकपुड्यांवाटे ठिबकून जाते. उजनीच्या गोड्या पाण्यावर या ग्रंथींना फारसे काम नसते.

आता ओळखण्याचे. हिवाळ्यात तपकिरी डोके तपकिरी नसते आणि काळ्या डोक्याच्या कुरवाचे काळे नसते! दोघांचीही डोकी पांढरी, कानापाशी फक्त एक गडद ठिपका. नावावर विसंबणारा इथेच फसतो. पंखाचे टोक पाहावे. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचे टोक काळे असते आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके असतात; शिवाय डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र, काळे फक्त मागच्या काठाला, आणि डोळा गडद.

हे काळे टोक नटण्यासाठी नाही. पिसाला काळा रंग देणारे मेलॅनिन त्याला बळकटीही देते. हजारो किलोमीटर उडताना सर्वात जास्त झीज पंखाच्या टोकाची होते. पांढरे पीस तिथे लवकर झिजते, काळे टिकते. चपलेच्या टाचेला जाड रबर लावतात, तसेच हे. हंगामाच्या शेवटी एखाद्या कुरवाचे पांढरे ठिपके झिजून लहान झालेले दिसतात, भोवतीचे काळे मात्र शाबूत असते.

हे दोघे डोळ्यांत भरले की मगच दुर्मीळ पक्षी सापडतो. थव्याकडे शंभरदा पाहिलेल्या माणसाला एकशेएकाव्यांदा खटकते: हा बाकीच्यांपेक्षा एवढा थोराड कसा? तो असतो पल्लासचा कुरव. पंखांचा विस्तार दीड मीटरहून अधिक, कपाळ उतरते, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पल्लास याने 1773मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावाचा, इक्थिएटस, अर्थ ‘मत्स्यगरुड’. हादेखील मध्य आशियातल्या, मंगोलियाकडच्या सरोवरांतल्या बेटांवर वाढलेला. बाकीचे कुरव पांढऱ्या डोक्याने फिरत असतात, तेव्हा फेब्रुवारीत याच्या डोक्यावर काळी टोपी चढलेली असते. पूर्ण वाढीचा पिसारा यायला त्याला साधारण चार वर्षे लागतात. तोवर दरवर्षी रूप बदलते. भल्याभल्या निरीक्षकांची दांडी उडते ती या तपकिरी, ठिपकेदार पोरांपाशी.

सैबेरियाच्या टुंड्रातून येणारा, गडद राखाडी पाठीचा आणि पिवळ्या पायांचा ह्यूग्लिनचा कुरव कोकण किनाऱ्यावर नेहमीचा. सह्याद्रीच्या अलीकडे तो दिसला, तर मात्र वहीत तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी, फोटोही घ्यावा. वादळाने भरकटून घाटावर येऊन पडणारे खरे दर्यावर्दी पक्षी ही पावसाळ्यातली गोष्ट. ते बहुधा थकलेले, आजारी असतात. त्यांना बघायचे नसते, वनखात्याला कळवायचे असते.

पंखाचे टोक उडतानाच नीट दिसते, म्हणून हल्ली थव्यात होडी घालायला लावणारे कॅमेरेवाले वाढले आहेत. दमूनभागून आलेल्या पाखरांना असे उठवू नका. होडी लांब थांबवा आणि दहा मिनिटे गप्प बसा. पिसे साफ करता करता कुरव आपणहून एक पंख पूर्ण ताणतो.