भागभांडवलाचे चार शब्द

माळशिरस तालुक्यात आलेले धरणाचे पाणी, तेथील कालवे आणि साखर कारखाने यांविषयी आजवर विपुल लिहिले गेले. परंतु ज्या मोजक्या शब्दांनी परक्या माणसाच्या कनवटीचा पैसा कारखान्याच्या भागभांडवलात उतरला, त्या शब्दांचा मागोवा घेणेही मला तितकेच अगत्याचे वाटते.

भोर संस्थानच्या हद्दीतील भाटघरचे नवे धरण 1928 च्या सुमारास पुरे झाले, आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी या अवर्षणग्रस्त मुलखात खेळू लागले. पुढे मंदीने गुळाचे भाव कोसळले, 1932 साली सरकारने साखरधंद्यास कायद्याने संरक्षण दिले, आणि सासवडहून येऊन येथे ऊस पिकविणाऱ्या माळी बागाईतदारांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. मागणारा आणि देणारा एकाच बांधावरचे असल्याने, आपला ऊस आपणच गाळू, याहून अधिक विवेचनाची तेथे गरज नव्हती.

याच तालुक्यातील श्रीपूरच्या कारखान्याची गोष्ट निराळी. त्यासाठी भोरचे वकील चंद्रशेखर गोविंद आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली. अशा सार्वजनिक कंपनीचे भाग खपवावयाचे, म्हणजे श्रीपूर कोणत्या दिशेला आहे हेही ज्याला ठाऊक नाही अशा गृहस्थाच्या ओसरीवर बसून, त्याचा चहा संपण्यापूर्वी त्याच्या मनातील संशय फेडावयाचा. अर्जासोबत थोडी रक्कम, भागवाटपाच्या वेळी काही, आणि उरलेली हप्त्याची मागणी येईल तेव्हा, असा व्यवहार असल्यामुळे एकवार भुरळ घालून भागत नसे. पहिल्या भेटीत दिलेला शब्द पुढच्या प्रत्येक मागणीच्या वेळी कसास लागे. सबब, नफ्याच्या आकड्यांपेक्षा, कालव्याला पाणी आहे, धंद्याला संरक्षण आहे आणि शेतात ऊस उभा आहे, ही पडताळून पाहता येण्याजोगी तीन विधानेच माझ्या मते अधिक वजनदार होती.

स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने 1950-51 च्या हंगामात धुराडे पेटविले, आणि पुढे अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांनी तोच मार्ग धरला. सहकाराच्या आवाहनात एक विलक्षण ताकदीचे वाक्य आयतेच होते: भाग कितीही घ्या, मत प्रत्येकाला एकच. पाण्याची पाळी चुकेल म्हणून पारावरून उठू पाहणाऱ्या दोन एकरांच्या खातेदारालाही पुन्हा खाली बसविण्याचे बळ त्या वाक्यात होते, कारण मोठ्या बागाईतदाराच्या बरोबरीचा मान त्याला त्यात कायद्याने मिळत होता.

त्या बैठकांतील बोलणे बहुतांशी हवेत विरले. उरली ती माहितीपत्रके, भागपत्रे आणि पैसे पोचल्याच्या पावत्या. ज्यांच्या माळ्यावर किंवा जुन्या पेटीत असे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.