बटणं दाबायची नोकरी?

"आता काय, सगळं ऑटोमॅटिक! एसीत बसायचं नि बटणं दाबायची." मुलाला मरीन इंजिनिअरिंगला घालायला निघालेले पालक हे इतक्या खात्रीने सांगतात, की त्यांना ऐन जुलैत आखातातल्या एखाद्या जहाजाच्या प्युरिफायर रूममध्ये तासभर उभं करावंसं वाटतं.

एसी कंट्रोल रूम असते, खोटं नाही. पण इंजिन तिच्यात नसतं. जहाजाचं जड इंधन डांबरासारखं घट्ट; गाळण्याआधी ते साधारण ९८ अंशांपर्यंत तापवावं लागतं. त्यामुळे प्युरिफायर रूम म्हणजे भट्टीच, आणि उष्ण समुद्रात अख्ख्या इंजिन रूमचा पारा ४५च्या पुढे सरकतो. आवाजाबद्दल शंका असेल तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची २०१४पासून नव्या जहाजांना लागू असलेली संहिता बघा : कंट्रोल रूमला मर्यादा ७५ डेसिबलची, यंत्रं असलेल्या भागाला ११०ची. फरक ३५चा दिसतो, पण डेसिबलच्या हिशेबात तो तीन हजार पटींहून मोठा आहे. शिवाय शिड्या. आरटी-फ्लेक्स ९६ सी या चौदा सिलिंडरच्या इंजिनाची उंची साडेतेरा मीटर, म्हणजे चार मजली इमारतच. लिफ्टची वाट बघत कोणी थांबत नाही.

आणि ते ऑटोमेशन! रात्री इंजिन रूम रिकामी ठेवता येते, हे खरं. पण अलार्म ड्युटी इंजिनिअरच्या केबिनमध्ये वाजतो. रात्री दोनला वाजला, की बॉयलर सूट चढवून एकट्याने खाली जायचं. तिथे डेडमन अलार्म चालू करायचा आणि ठरावीक मिनिटांनी तो रीसेट करत राहायचं. विसरलात, तर तुम्हाला काही झालं असं समजून तो बाकीच्यांना उठवतो. बटण म्हणाल तर हे एक आहे. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांतीचा नियम आहे, पण तो करावा लागला यातच काय ते आलं. ऑटोमेशनने माणसं कमी केली; पंप आणि फ्युएल व्हॉल्व्ह अजून हातानेच खोलून दुरुस्त करावे लागतात.

मग दुसरं टोक : "पहिलवानच लागतो." नाही लागत. पिस्टन क्रेन उचलते, मोठे नट हायड्रॉलिक जॅक सैल करतो. लागतं ते वाकणारं अंग, उकाड्यात शाबूत राहणारं डोकं आणि काळोख्या, तेलकट जागेत रांगायची तयारी. "मुलींचं काम नाही" म्हणणाऱ्यांसाठी : सोनाली बॅनर्जी १९९९मध्येच मरीन इंजिनिअर झाल्या.

चष्मा चालतो, रंगांधळेपणा मात्र आडवा येतो. इंजिन रूममध्येही बोट लागते, उलट क्षितिज दिसत नसल्याने काहींना जास्तच. बंदरात फिरायला मिळतं? मुख्य इंजिन थांबतं तेच मुळी बंदरात. त्यामुळे स्कॅव्हेंज स्पेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या हवेच्या पोकळीत, शिरून काजळी खरवडायची वेळही तीच.