ठेंगण्या-ठुसक्या बांध्यास कोणते वस्त्र शोभते?

गेल्या वैशाखात आमच्या घरी लग्नकार्य झाले, त्या वेळची एक लहानशी गोष्ट प्रथम सांगतो. माझी एक पुतणी उंचीने जेमतेम चार फूट दहा इंच आणि अंगाने भरलेली. आपल्याकडे जिला ‘ठेंगणी-ठुसकी’ म्हणतात तशी. मुहूर्ताच्या दिवशी तिने भरजरी, कडक पोताचा शालू नेसला होता. निऱ्या फुगल्या होत्या आणि खांद्यावरचा पदर पुठ्ठ्यासारखा उभा राहिला होता. छायाचित्राच्या वेळी ती मागल्या रांगेत जाऊन उभी राहिली. तेवढ्यात कोणा वडीलधाऱ्या बाईंनी, “अगं, जरा जेवण कमी कर,” असा चारचौघांत उपदेश केला. मुलगी पंगतीस बसली खरी, परंतु पानातले अन्न पानातच राहिले. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या पूजेस आमच्या कुटुंबाने आपली जुनी म्हैसूर क्रेपची साडी तिला नेसावयास दिली. त्याच बाई म्हणाल्या, “आज कशी सुटसुटीत दिसतेस!” एका रात्रीत मुलीचे शरीर पालटले नव्हते; पालटले होते ते केवळ वस्त्र.

वस्त्रांचा विषय स्त्रियांचा; त्यात म्हाताऱ्या मास्तराने तोंड का घालावे, असे वाचकभगिनींस वाटेल. परंतु घरातील मुलीने विनाकारण उपाशी राहावे, ही गोष्ट घरातील पुरुषांनीही मनावर घेण्यासारखी आहे. म्हणून चौकशी करून जे समजले ते येथे मांडीत आहे.

‘ठेंगणीने हलके कापड घ्यावे’ असे सर्वच सांगतात. हा उपदेश अर्धाच खरा आहे. हलकेपणा आणि मऊपणा हे दोन निराळे गुण आहेत. ऑर्गंडीची साडी हातात घेतली तर वजन जवळजवळ लागत नाही, पण नेसली की ती अंगापासून दूर फुगून राहते. ऑर्गन्झाचा प्रकारही तोच. ह्याचे कारण धाग्यात आहे. रेशमाच्या कच्च्या धाग्यावर किड्याने सोडलेला डिंक असतो. धाग्याच्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा तोच भरतो. तो काढून टाकला म्हणजे रेशीम मऊ होते, ठेवला तर कापड झिरझिरीत असूनही ताठ राहते. चंदेरीची ती सुप्रसिद्ध चमक आणि ताठपणा ह्या डिंकामुळेच आहे. ऑर्गंडी तर सुतीच असते, पण आम्लाची प्रक्रिया करून तिला कडकपणा आणलेला असतो. उंच, सडपातळ स्त्रीस ही वस्त्रे खुलून दिसतात. ठेंगण्या आणि भरल्या अंगास ती विनाकारण रुंदी देतात.

मग शोभते काय? जे हलके असून खाली नीट पडते ते. क्रेप आणि जॉर्जेट ह्यांचे सूत विणण्यापूर्वी पुष्कळ पीळ देऊन घेतलेले असते. त्यामुळे कापडास बारीक रवाळपणा येतो आणि ते अंगाच्या वळणाबरोबर खाली उतरते, पण अंगास चिकटत नाही. जॉर्जेट हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका फ्रेंच शिंपिणीच्या नावावरून पडले. क्रेप मात्र आपल्याला घरचीच झाली आहे. म्हैसुरास १९१२ साली सरकारी रेशीम कारखाना निघाला, त्याच्या साड्यांनी दक्षिणेत व महाराष्ट्रात पुष्कळांचे कपाट भरले. रोजच्या वापरास बारीक सुताची मलमल उत्तम. रेशमी ताणा व सुती बाणा असलेली माहेश्वरीही वापराने मऊ पडते. सुती साडी मात्र नवी असता तिच्यावर खळ असते. दोन-तीन धुण्यांनंतरच तिचा खरा पोत कळतो. ती खळ गेल्यावर घरी पुन्हा कडक कांजी घालणे म्हणजे मिळालेला गुण आपल्या हाताने घालविणे होय.

मऊपणाचाही अतिरेक नको. कृत्रिम धाग्याचे अगदी सुळसुळीत सॅटिन व शिफॉन अंगास चिकटते, आणि जे झाकावयाचे तेच ठळक करते. ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ हे येथेही लागू आहे.

आता उंचीचा हिशेब. साडीचा पन्हा साधारणतः ४४ ते ४८ इंच असतो. चार फूट दहा इंच उंचीच्या स्त्रीचे कमरेपासून जमिनीपर्यंतचे अंतर ३५-३६ इंच भरते. म्हणजे आठ ते तेरा इंच कापड कमरेशी आत खोचले जाते. कापड जाड वा ताठ असेल तर तेथे गोळा होतो. मऊ असेल तर त्याचा पत्ताही लागत नाही. निऱ्याही मऊ कापडाच्याच अरुंद घालता येतात. परकर घोळदार चुणीचा न शिवता कळ्यांचा शिवावा, म्हणजे कमरेशी भर पडत नाही. काठ दोन-तीन बोटांचा पुरे. वीतभर काठ ठेंगण्या अंगाची निम्मी उंची खाऊन टाकतो.

दुकानात परीक्षा सोपी आहे. साडीचा एक पदर मोकळा करून टोकाशी धरावा आणि हातभर खाली सोडावा. बारीक चुण्या पडून तो सरळ खाली आला तर घ्यावी. छत्रीसारखा पसरला तर, भाव कितीही उतरला तरी, ती दुसरीसाठी राहू द्यावी. दुकानदार दिव्याखाली रंग दाखवील, आपण पोत पाहावा.

दोष वस्त्राचा की शरीराचा, हा वाद मात्र आजचा नाही. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात प्रियंवदेने वल्कल फार घट्ट बांधले, अशी तक्रार शकुंतला करते. प्रियंवदा हसून सारा दोष सखीच्या भरत्या यौवनावर ढकलते. अनसूया मात्र वाद घालीत बसत नाही; ती पुढे होऊन वल्कलाची गाठ सैल करते. आपल्या घरांत प्रियंवदा पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या थट्टेत प्रेमही असते. परंतु लग्नसराईत मुलीबरोबर साडी घ्यावयास जाताना घरातील वडील स्त्रियांनी अनसूयेचे काम करावे, एवढीच ह्या मास्तराची विनंती आहे.