कॅमेऱ्यामागेही आपली मुले हवीत

मुलगा-मुलगी छायालेखक होऊ म्हणाली की घरात आधी पोटाची काळजी उमटते. ती रास्तच आहे. पण आपले जगणे पडद्यावर कोणी दाखवायचे, हाही प्रश्न आहे. २०१३ च्या ‘फँड्री’त डुक्कर वाहून नेणारे कुटुंब बाबासाहेबांचे चित्र असलेल्या भिंतीसमोरून जाते. शब्दाविना सारे कळते. ही कॅमेऱ्याची ताकद!

बीडहून मुंबई-पुण्याला मुलाखतीस जाताना दोन-तीन मिनिटांची निवडक दृश्ये जवळ असावीत. विषय लांब शोधू नये. ऊसतोडीची टोळी, पालातली पहाटेची चूल पुरे. प्रत्येक दृश्यात प्रकाश कुठून घेतला, ते सांगता यावे.

एक प्रश्न तयार ठेवावा : चुन्याच्या भिंतीपुढे सावळा माणूस उभा आहे, काय कराल? मीटर पांढऱ्या भिंतीला भुलतो, प्रकाश कमी करायला सांगतो आणि चेहरा काळवंडतो. म्हणून मोजमाप भिंतीचे नव्हे, चेहऱ्याचे घ्यावे. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवले की चित्र लुकलुकत नाही.

इंग्रजी अडखळली तर मराठीत ठाम बोलावे. आपल्या माणसांचे चेहरे यापुढे अंधारात राहू नयेत, असे आम्हांस वाटते. जय भीम!