जवसाच्या तेलातली दमयंती

जवसाच्या तेलाची बाटली काही महिने उघडी राहिली, की तिच्या तोंडाशी पिवळसर, चिवट पापुद्रा धरतो. बोटाने ओढला तर रबरासारखा ताणतो, पाण्याने धुऊन निघत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरात त्याचा वैताग येतो. युरोपातल्या चित्रकारांनी मात्र शेकडो वर्षं याच पापुद्र्याच्या भरवशावर चित्रं रंगवली.

शेंगदाण्याचं तेल असं सुकत नाही. जवसात लिनोलेनिक आम्ल भरपूर. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, रेणू एकमेकांत गुंततात आणि रंगाचे कण पोटात धरून तेल जागच्या जागी घट्ट होतं. कॅन्व्हासचं लिनन कापडही याच झाडाच्या खोडातून निघतं. धाग्यासाठी युरोपात उंच वाण लावतात. अकोला-अमरावतीच्या काळ्या रानात रब्बीला येणारं निळ्या फुलांचं जवस बुटकं, ते बियांसाठी.

हे सुकणं फार सावकाश चालतं, आणि चित्रकाराची मेहनत त्या गतीला बांधलेली असते. कापडाला आधी सरस, त्यावर पांढरं अस्तर, मग रेखाटन, मग छाया-प्रकाशाचा पहिला हात. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम मोडता येत नाही. मोडला तर वरचा थर आधी आवळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात. लाल साडीची खोली एका फटकाऱ्यात येत नाही. वाळलेल्या थरावर पारदर्शक लाल पातळ फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा. जरीत सोनं नसतंच: तपकिरीवर पिवळी माती आणि शेवटी फिक्या पिवळ्याचा एक जाड ठिपका. तो ठिपका कुठं ठेवायचा, यातच सगळी कारागिरी.

इतिहास-पुराणातले प्रसंग युरोपच्या अकादम्या चित्रकलेत सर्वांत वरचे मानत. राजा रविवर्मांनी ती रीत आपल्या पुराणकथांना लावली. त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सनचं काम पाहून पाहून ते तैलरंग शिकले. १८८८ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. सोबत धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा असत. अनेक चित्रांमागचे देखावे त्यांच्या हातचे. त्यांचं नाव आपण घेत नाही, हे मला खटकतं.

रविवर्मांच्या १८९९ च्या ‘हंस-दमयंती’ या चित्रात तर आमची, विदर्भाचीच लेक आहे. दमयंती विदर्भराज भीमाची मुलगी. त्याचं कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धाकाठचं कौंडिण्यपूर, असं परंपरा सांगते.

रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्यांच्या चित्रांच्या तसबिरी घरोघर पोचल्या. शिळाछापाच्या शाईतलं व्हार्निशही आटवलेल्या जवसाच्या तेलाचंच करत. भिंतीवरच्या जुन्या तसबिरीकडे पाहताना मला म्हणून आधी बाटलीच्या तोंडाशी धरलेला तो चिवट पापुद्रा आठवतो.